जुनी चांदी काढून पांढरे सिमेंट भरून घ्यावे का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

माझे वय ५१ असून मी कराडमध्ये एका पतसंस्थेत लेखापाल आहे. दातांच्या एका प्रश्नावर दोन दंतवैद्यांनी एकमेकांच्या अगदी विरुद्ध सल्ले दिल्यामुळे गेले तीन आठवडे मी काहीच न करता बसलो आहे, आणि कीड काही माझ्यासाठी थांबून राहणार नाही याची जाणीव असल्यामुळे सगळे सविस्तर येथे मांडतो आहे.

खालच्या जबड्यात डावीकडच्या दोन दाढांमध्ये १९९४ साली भरलेली चांदी आहे. त्या वेळी मी शिक्षणासाठी मुंबईत होतो. मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात एका विद्यार्थी डॉक्टरने, प्रत्येक टप्प्यावर आपल्या सरांना बोलावून दाखवत, दोन सकाळी खर्चून ते काम केले होते. तीस वर्षांत त्या चांदीने एकदाही त्रास दिलेला नाही. आता ती काळी पडली आहे, जांभई दिली की दिसते असे मुलगी म्हणते, आणि एका दाढेत चांदी व दात यांच्या सांध्यावर नखाचे टोक अडकेल एवढी खाच लागते.

खरा त्रास मात्र उजवीकडे वरच्या बाजूला आहे. पहिली मोठी दाढ आणि तिच्या पुढची छोटी दाढ यांच्या फटीत हल्ली अन्न अडकते, त्यातही पेरूची बी आणि मटणाचा धागा हमखास. गार पाणी प्यालो की कळ येते आणि चार-पाच सेकंदांत जाते. रात्री ठणका लागत नाही, चावताना दुखत नाही, आणि आरशात पाहिले तर दोन्ही दात धडधाकट दिसतात.

पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे न काढताच सांगितले की चांदीत पारा असतो, तो शरीरात झिरपतो, म्हणून खालच्या दोन्ही दाढांतली चांदी काढून पांढरे सिमेंट भरावे, आणि वरच्या दाढेला रूट कॅनॉल करून (म्हणजे दाताच्या आतली नस काढून ती पोकळी भरून) कॅप बसवावी. सगळ्याचा मिळून आकडा ३१,००० रुपये. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तो पडद्यावर मोठा करून मला दाखवला आणि म्हणाले की खालच्या चांदीला हात लावू नका, वरची कीड खोल आहे पण नसेपर्यंत पोहोचलेली दिसत नाही, तिथे आधी फिलिंग करून पाहू. पुढे दुखलेच तर रूट कॅनॉलचा विचार करू. त्यांनी १,८०० रुपये सांगितले. आकड्यांतली ही तफावत पाहून माझ्यातला लेखापाल अधिकच साशंक झाला आहे, कारण स्वस्त सल्ला बरोबर असतो असेही नाही.

पाऱ्याची भीती कितपत खरी आहे, एवढ्या लक्षणांवर रूट कॅनॉलची गरज पडते का, आणि पांढरे फिलिंग दाढेत टिकते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मला रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. मधुमेह नाही. तंबाखू-सुपारी नाही. कार्यालयात दिवसभरात सहा-सात वेळा चहा होतो, तेवढे एकच व्यसन.


मिरजेचा दंतवैद्य

कृष्णाकाठ, तोंडात न पाहता कोणत्याही दाताचे निदान करणे योग्य नाही, त्यामुळे मी जे लिहितो आहे ते तुम्ही दिलेल्या वर्णनापुरते समजावे. मिरजेत गेली २२ वर्षे मी हेच काम करतो आहे आणि तुमच्यासारखे दोन सल्ल्यांमध्ये अडकलेले रुग्ण महिन्यातून दोन-तीन तरी येतात.

आधी चांदीविषयी. लोक जिला चांदी म्हणतात त्या मिश्रणात वजनाने साधारण निम्मा पारा असतो आणि उरलेल्या भागात चांदी, कथील व तांबे यांची पूड असते. हे मिश्रण घट्ट झाले की पारा त्या धातूंशी बांधला जातो. चावताना आणि दात घासताना त्याची अत्यल्प वाफ सुटते, हे खरे आहे आणि ते कोणी लपवलेले नाही. पण सर्वांत जास्त वाफ सुटते ती चांदी भरताना आणि त्याहून अधिक ती ड्रिलने काढताना. म्हणजे पाऱ्याच्या भीतीने चांगली चांदी उकरून काढणारा माणूस त्याच दिवशी जास्त पारा ओढून घेतो, आणि वर चांदीभोवतीचा थोडा निरोगी दातही गमावतो. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये गरोदर व स्तनदा स्त्रिया, लहान मुले, मूत्रपिंडाचे वा मज्जासंस्थेचे विकार असलेले रुग्ण यांना नव्याने चांदी भरणे शक्यतो टाळावे असे सांगितले, तेव्हाच सुस्थितीतली जुनी चांदी काढू नये असेही स्पष्ट केले होते. पाऱ्याची खरीखुरी ॲलर्जी असेल, किंवा चांदीला घासणाऱ्या गालाच्या आतल्या बाजूवर पांढरट जाळीदार चट्टा आला असेल, तर गोष्ट वेगळी.

काळी पडणे हा दोष नाही. पितळेच्या भांड्यावर चढतो तसा तो पृष्ठभागावरचा थर आहे आणि पॉलिश केल्यावर बराच जातो. कडेची खाचही तीस वर्षांच्या चांदीत नेहमी आढळते. गंमत अशी की चांदीच्या गंजातून निघणारे क्षार दात आणि चांदी यांच्यातली सूक्ष्म फट भरून काढतात, त्यामुळे दिसायला ओबडधोबड असलेली कड आतून बंद असू शकते. एक्स-रेत चांदीखाली काळी सावली नसेल, चांदी हलत नसेल, तिला तडा नसेल, तर केवळ खाचेसाठी मी ती बदलत नाही. एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेवा. चांदी दाताला चिकटत नाही, ती केवळ खड्ड्याच्या आकारामुळे अडकून राहते, आणि मोठ्या खड्ड्यातली चांदी वर्षानुवर्षे चावण्याच्या दाबाखाली पाचरीसारखी वागून दाताच्या एका उंचवट्याला तडा पाडू शकते. शेंगदाणा चावून जबडा उघडताना क्षणभर चमक आली तर तो तडा असण्याची शक्यता आहे. तेव्हा उशीर करू नये.

आता वरची दाढ. दोन दातांच्या मधल्या भिंतीवर ब्रश पोहोचत नाही. तिथे साचलेल्या थरातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने पीएच (आम्लतेचे माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातली खनिजे विरघळू लागतात. कीड कवचातून टाचणीएवढ्या वाटेने आत शिरते, खालच्या मऊ डेंटिनमध्ये पोहोचल्यावर आडवी पसरते, आणि वरचा घुमट शाबूत राहतो. म्हणून आरशात दात धडधाकट दिसला. अशी कीड ओळखायला दात मिटून काढलेला बाइटविंग एक्स-रे लागतो. तो न काढता रूट कॅनॉल सुचवणे मला पटत नाही.

गार लागून कळ येणे आणि काही सेकंदांत जाणे, याचा अर्थ दाताची नस चिडलेली आहे पण बहुधा सावरू शकते. कळ मिनिटभर रेंगाळली, गरम चहाने वाढली, झोपेतून जाग आणू लागली किंवा काहीही न खाता आपोआप येऊ लागली, की नस वाचवण्याची शक्यता कमी होते आणि तेव्हा रूट कॅनॉल हाच योग्य उपचार ठरतो. तुम्ही आज पहिल्या गटात आहात. आणखी तीन आठवडे विचार करत बसलात तर त्या गटात राहालच याची हमी कोणी देणार नाही.

खोल किडीबाबत आमच्या शिक्षणात आणि आजच्या पद्धतीत फरक पडला आहे. आम्हाला शिकवले होते की टणक डेंटिन लागेपर्यंत सगळे कोरून काढा. त्यात कित्येकदा नस उघडी पडायची आणि मग रूट कॅनॉल करावेच लागायचे. आता खड्ड्याच्या कडा पूर्ण टणक व स्वच्छ करतात, पण नसेच्या अगदी वरचा चामट, ओलसर थर मुद्दाम तसाच ठेवून त्यावर औषधी थर देतात आणि वरून पक्के फिलिंग करतात. बाहेरून साखर मिळणे बंद झाले की आतले उरलेसुरले जंतू निष्प्रभ होतात आणि नस स्वतःच आतल्या बाजूने नवे डेंटिन तयार करते. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांच्या मनात हेच असावे.

पांढऱ्या फिलिंगमध्येही दोन जाती आहेत आणि दवाखान्यात दोन्हींना सर्रास सिमेंट म्हणतात, त्यामुळे नक्की काय भरणार हे विचारून घ्यावे. कंपोझिट म्हणजे राळेत मिसळलेली बारीक काचेची पूड. मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाताच्या कवचावर फॉस्फोरिक आम्ल लावून ते खरखरीत केले की राळ पकड घेते हे दाखवले, आणि पुढे राफेल बोवेन यांनी त्यासाठी योग्य राळ तयार केली. आजचे सगळे कंपोझिट त्या दोन शोधांवर उभे आहे. दुसरी जात ग्लास आयोनोमर, लंडनमध्ये विल्सन आणि केंट यांनी विकसित केलेली. ती दाताशी रासायनिक रीतीने जुळते, थोडे फ्लोराइड सोडते, किंचित ओलाव्यातही चालते, पण चावण्याच्या दाबाखाली लवकर झिजते. तुमच्या दाढेत वरून कंपोझिट आणि गरज पडल्यास तळाशी ग्लास आयोनोमर, असे होऊ शकेल.

कंपोझिट दाढेत टिकते का? नीट केलेले दहा वर्षे आणि त्याहून अधिक टिकलेले मी रोज पाहतो, आणि दोन वर्षांत सुटलेलेही पाहतो. फरक मुख्यतः लाळेचा असतो. आम्ल लावून धुतल्यावर त्या जागेला लाळेचा एक थेंब लागला तरी पकड बिघडते. म्हणून दाताभोवती रबर डॅम, म्हणजे पातळ रबराचा पडदा, लावणार का हे जरूर विचारा. कोणी चिडले तर चिडू द्या.

आणि चहा. सहा-सात कप चहा म्हणजे दिवसातून सहा-सात वेळा साखर, आणि दर वेळी दात अर्धा तास ते तासभर आम्लात. एकूण साखर किती यापेक्षा ती किती वेळा, हे दातांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे आहे. किडीचे मूळ कारण तसेच राहिले तर फिलिंगच्या कडेला पुन्हा कीड लागेल आणि दोष सिमेंटला मिळेल.


नेकारतीर

आपण कृष्णाकाठचे, मी मूळची साताऱ्याची आणि गेली चौदा वर्षे जर्मनीत श्टुटगार्टजवळ नेकार नदीच्या काठी राहते. युरोपमध्ये चांदीवर बंदी आली, मग ती विषारीच असणार, असा निरोप आमच्या कुटुंबाच्या गटावर फिरत होता आणि माझ्या आईने घाबरून स्वतःच्या तीन दाढा उकरून घ्यायचे ठरवले होते, म्हणून हे लिहिते.

युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून दातांत नव्याने चांदी भरणे थांबवले आहे. वैद्यकीयदृष्ट्या अत्यावश्यक असेल तरच अपवाद आहे. त्याआधी १ जुलै २०१८ पासून पंधरा वर्षांखालची मुले आणि गरोदर व स्तनदा स्त्रिया यांच्यासाठी ती बंद होती. या बंदीमागचे मोठे कारण पर्यावरण आहे. दवाखान्याच्या सांडपाण्यातून आणि मृतदेहांच्या दहनातून पारा नदी-हवेत जातो आणि माशांमार्फत पुन्हा माणसाकडे येतो. जपानमधील मिनामाता येथील पाराविषबाधेच्या नावाने झालेला आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये अमलात आला, त्यात दातांच्या चांदीचा वापर कमी करत नेण्याचे कलम आहे, आणि २०१८ मध्ये भारतानेही त्याला मान्यता दिली आहे. ज्यांच्या तोंडात आधीची चांदी आहे त्यांनी ती काढावी, असे येथील नियमात कुठेही नाही. माझ्या स्वतःच्या डावीकडच्या दाढेत पुण्यात भरलेली चांदी आहे आणि येथील डॉक्टरीणबाई दर सहा महिन्यांनी ती पाहून, उत्तम काम आहे, एवढेच म्हणतात.

खर्चाचा अनुभवही सांगते. येथे सरकारी विमा दाढांसाठी चांदीचा खर्च पूर्ण देत असे आणि कंपोझिट हवे असेल तर वरचे पैसे रुग्णाने भरायचे असत. बंदीनंतर विमा साधारणपणे स्वतःहून चिकटणाऱ्या, म्हणजे ग्लास आयोनोमरसारख्या फिलिंगचा खर्च देतो. थरांथरांनी भरायचे कंपोझिट हवे असेल तर आजही खिशात हात घालावा लागतो. थोडक्यात, पैशांचा हिशेब मांडून दात ठरवावा लागणे हे कराडपुरते नाही. आईला मी अखेर फोनवर एक्स-रे पाठवायला लावला, साताऱ्यातल्या तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी चांदी ठीक असल्याचे सांगितले, आणि ती मोहीम तिथेच थांबली.


अंजिरी

डॉक्टरसाहेबांनी लाळेविषयी लिहिले आहे. मी त्यात दोन दातांमधल्या फटीविषयी भर घालते, कारण कृष्णाकाठ यांचे फिलिंग नेमके तसल्याच जागी होणार आहे आणि त्या जागेने मला दीड वर्ष छळले आहे.

नाशिकमधल्या एका दवाखान्यात माझ्या दोन दाढांमध्ये कंपोझिट भरले. दिसायला इतके सुरेख की मी घरी सगळ्यांना तोंड उघडून दाखवले. आठवडाभरात लक्षात आले की प्रत्येक जेवणानंतर त्याच फटीत पोळीचा लगदा आणि मेथीची पाने अडकतात. मी टाचणी, काडी, सगळे वापरले, हिरडी सुजली, त्यातून रक्त येऊ लागले. परत गेले तर, सवय होईल, असे उत्तर मिळाले. सवय झाली नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी कारण समजावले तेव्हा ते मलाही पटले. दोन शेजारच्या दाढा एकमेकींना घट्ट टेकलेल्या असतात म्हणून घास त्यांच्यावरून घसरून जातो. मधली भिंत किडीने गेल्यावर ती पुन्हा उभारताना दाताभोवती धातूची पातळ वाकलेली पट्टी घालतात आणि फटीत पाचर ठोकून दोन्ही दात केसभर दूर सारतात. पाचर काढली की दात मूळ जागी येतात आणि नवी भिंत शेजारणीला टेकते. माझ्या दाढेत ती टेकलीच नव्हती; मध्ये उघडी खिंड होती. सगळे काढून पुन्हा भरावे लागले, म्हणजे खर्चही दुप्पट आणि दातही आणखी थोडा कोरला गेला.

म्हणून खुर्चीवरून उठण्याआधी फ्लॉसचा धागा फटीतून घालून पाहायला सांगावे. तो थोडा अडकून टक् आवाज करत आत गेला पाहिजे. सुळकन गेला तर भिंत टेकलेली नाही.


जुन्नरी

विषय फिलिंगचा आहे, तरी कृष्णाकाठ यांनी तीन आठवडे वाट पाहिली म्हणून आमच्या घरची एक आठवण लिहितो. माझी आजी दाढदुखीवर भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून, त्यांचा धूर करवंटीच्या भोकातून तोंडात घ्यायला लावी आणि खाली ठेवलेल्या पाण्याच्या वाटीत पांढरे किडे पडलेले दाखवी. दुखणेही त्या संध्याकाळपुरते कमी होई. पुढे आम्ही भावंडांनी एका दुपारी कोणाचीही दाढ दुखत नसताना निखाऱ्यावर बिया टाकून वाटी शेजारी ठेवली, तर किडे त्याही वाटीत पडले. उष्णतेने फुटलेल्या बियांचे ते पांढरे कोंब होते. सुश्रुतसंहितेत दंतरोगांमध्ये कृमिदंतक, म्हणजे किड्याने पोखरलेला दात, आहे, आणि फ्रान्समध्ये दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ च्या आपल्या ग्रंथात दातातल्या किड्याची कल्पना नाकारली होती, तरी आठवडी बाजारात दातातला किडा काढून देणारी माणसे मी अलीकडेपर्यंत पाहिली आहेत. कोणाला मोह झालाच तर आधी रिकाम्या वाटीवर प्रयोग करून पाहावा.

डॉक्टरसाहेब, लवंगेच्या तेलाबद्दल मात्र आपले मत काय?


मिरजेचा दंतवैद्य

लवंगेच्या तेलातले युजेनॉल खरोखरच नस शांत करते आणि आम्ही स्वतः ते झिंक ऑक्साइडमध्ये कालवून तात्पुरते फिलिंग म्हणून शेकडो वेळा वापरले आहे. दोन पथ्ये आहेत. कापसाच्या बोळ्यावर एखादा थेंब घेऊन तो खड्ड्यातच ठेवावा, कारण हिरडीला आणि गालाला ते भाजते. दुसरे असे की युजेनॉलमुळे कंपोझिटची राळ नीट घट्ट होत नाही, म्हणून कोणी आठवडाभर लवंगेचे तेल लावून आले असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे.

अंजिरीताईंनी लिहिलेली फ्लॉसची खूण अगदी योग्य आहे.

खर्चाचा प्रश्न असेल तर कृष्णाकाठ यांच्या गावालगतच मलकापूरला कृष्णा विश्व विद्यापीठाचे दंत महाविद्यालय आहे. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत आणि गोव्यात बांबोळीला आहे. तिथे कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री या विभागात फिलिंग होते. वेळ जास्त लागतो, पण हे काम जितके सावकाश होईल तितके चांगले, हे तुमच्या १९९४ च्या चांदीनेच सिद्ध केले आहे. आरोग्य विम्यावर विसंबू नका. अपघात सोडला तर बहुतेक पॉलिसींमध्ये दाताचा बाह्यरुग्ण खर्च वगळलेला असतो.


कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उशिरा लिहितो आहे, कारण काम करून घेऊन चार दिवस पाहावे आणि मगच कळवावे असे ठरवले होते.

दुसऱ्या डॉक्टरांकडेच गेलो. रबराच्या पडद्याविषयी विचारताना मी उगाचच घसा खाकरला. त्यांनी शांतपणे, लावणारच आहे, असे सांगितले. रक्तदाब मोजून घेतला, भुलेचे इंजेक्शन हिरडीत दिले, आणि दहा मिनिटांत वरचा ओठ व गाल परक्याचे वाटू लागले. मग तो हिरवा पडदा ताणून बसवला आणि त्यातून माझे दोनच दात बाहेर डोकावत राहिले. ड्रिलने वरचे कवच उघडले तेव्हा त्यांनी थांबून मला आरसा धरून दाखवला. बाहेरून पांढऱ्याशुभ्र दिसणाऱ्या दाढेच्या आत ओल्या तपकिरी चामड्यासारखा लगदा होता. त्याचा बराचसा भाग त्यांनी यंत्र बाजूला ठेवून चमच्यासारख्या छोट्या हत्याराने खरवडून काढला, तळाशी थोडा तसाच ठेवला, आणि तसे का ठेवले ते मी विचारण्याआधीच सांगितले. पट्टी, पाचर, निळे आम्ल, पाण्याचा फवारा, मग दोन-दोन मिलिमीटरचा एकेक थर आणि प्रत्येकावर वीस सेकंद निळा दिवा. मी मोजत होतो. पाच थर झाले. एकूण सव्वा तास लागला, आणि आधी सांगितलेले १,८०० रुपयेच घेतले.

शेवटी निळा कागद दातांत धरून चावायला लावले आणि जिथे गडद ठिपका उमटला तिथे किंचित घासले. भुलेमुळे मी बहुधा वाकडेच चावत असणार, कारण दुसऱ्या दिवशी भाकरी खाताना ती दाढ इतरांच्या आधी टेकते असे जाणवले आणि चावले की दुखू लागले. क्षणभर वाटले, गेली नस. परत गेलो, त्यांनी पुन्हा कागद धरून दोनदा हलकेच घासले, आणि त्या रात्रीपासून चावताना दुखणे थांबले. गार पाण्याची कळ अजून येते, पण आता एखाद्या सेकंदाची, आणि रोज थोडी कमी. खालच्या चांदीला फक्त पॉलिश केले. खाचेचा एक्स-रे वर्षाने पुन्हा काढायचा आहे. कार्यालयातला चहा दोन वेळांवर आणला आहे, तोही बिनसाखरेचा, आणि तो अजिबात चांगला लागत नाही.

अंजिरीताई, फ्लॉस टक् आवाज करत आत जातो, म्हणजे भिंत टेकलेली आहे. मात्र बाहेर ओढताना हिरडीजवळ एका जागी धाग्याची तंतू तंतू फाटाफूट होते. डॉक्टरसाहेब, हे चालण्यासारखे आहे का?


मिरजेचा दंतवैद्य

नाही, ते दाखवून या. धागा दर वेळी एकाच जागी फाटत असेल तर पट्टीच्या खालून राळेची बारीक कड बाहेर आलेली असण्याची शक्यता आहे. आज ती तुम्हाला जाणवणार नाही, पण तिच्याखाली थर साचतो, हिरडी सुजते आणि पुन्हा कीड लागते. फिलिंग काढावे लागत नाही. सँडपेपरसारखी चिंचोळी पट्टी फटीतून ओढून ती कड पाच मिनिटांत घासून टाकतात आणि त्याला भूलही लागत नाही. तोपर्यंत फ्लॉस खालच्या दिशेने खेचून काढण्याऐवजी त्याचे एक टोक सोडून बाजूने ओढून घ्या.

उरलेली कळ महिना-दीड महिन्यात पूर्ण जावी. त्या काळात ती वाढली, किंवा रात्री जाग आली, तर त्याच डॉक्टरांकडे पुन्हा एक्स-रे काढून घ्या.